खतीजाभाभींचा सकाळचा फोन

"तुला हे कोणी सांगितलं?" खतीजाभाभींनी मोबाइल सुनेत्रापुढे धरला. स्क्रीनवर इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातली सुनेत्राची कथा होती. कुणीतरी पीडीएफ फॉरवर्ड केली होती.

आखातातल्या जेबेल अली बंदरात, कंपनीच्या गोदामापाशी दोघी नुकत्याच गाडीतून उतरल्या होत्या. भाभींचा चेहरा पाहून सुनेत्राला वाटलं, चिडल्यात. चिडणारच ना. दोन वर्षं दोघी इंटरनॅशनल सिटी या वस्तीतून एकाच शेअरिंगच्या गाडीनं कामावर येत होत्या. सुनेत्रा एचआरमध्ये, रत्नागिरीच्या भाभी पॅकिंगवर सुपरवायझर. गाडी हायवेला लागली की भाभी रोज नवऱ्याला फोन लावायच्या. हनीफभाई तिकडे दूर रुवैसच्या रिफायनरीत असतात, एवढंच गाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. "जेवलात काय? गोळी घेतलीत? इनायाचा पेपर बरा गेला हां. चला, खुदा हाफिज." की फोन पर्समध्ये.

सुनेत्राला कथेसाठी लांब जावं लागत नसे. लिफ्टमधलं भांडण, ड्रॅगन मार्टच्या बाजारात पडद्यांवरून रुसलेलं जोडपं, तिला काहीही पुरायचं. या फोनवरूनही तिनं कथा रचली. नवरा वारलेला असतो आणि बायको त्याच्या बंद नंबरवर रोज बोलत राहते. नाव बदललं, गाव बदललं, गाडीची बस केली. ही कल्पना सुचली तेव्हा ती स्वतःवर भलतीच खूश झाली होती.

"सॉरी भाभी. सगळं मनाचं आहे ते. हनीफभाईंना उदंड आयुष्य मिळो, मी आपलं उगाच..."

"ते जाऊन डिसेंबरात तीन वर्षं होतील."

वाक्य सुनेत्राला ऐकू आलं होतं, पण आत शिरत नव्हतं.

"ड्यूटीवरच हार्ट अटॅक आला," भाभी म्हणाल्या. "या गाडीत मी नंतर आले. तुम्ही कोणी त्यांना बघितलेलं नव्हतं. मग तुमच्यापुरते ते असले, तर कुणाचं काय जातं? पण तुला कळलं कसं? इनायालापण माहीत नाय, मी फोन करते ते."

"मला माहीत नव्हतं, भाभी. शप्पथ!"

भाभी मोबाइल पर्समध्ये टाकून आत गेल्या.

दुपारी डबा उघडल्यावर सुनेत्राला एकदम उमगलं. भाभी फोनवर प्रश्न विचारायच्या, पण उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. दोन वर्षं तिच्या कानांनी हे टिपलं होतं. आणि ती त्याला स्वतःची कल्पना समजून मिरवत होती!

पुढचे तीन दिवस भाभींनी गाडीत फोन लावला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सुनेत्रा त्यांच्या घरी गेली. दार इनायानं उघडलं. "हाय आंटी, मम्मी इज इन द किचन," म्हणत ती हेडफोन लावून खोलीत गेली.

"तुझ्या कथेतली बाई शेवटी नंबर डिलीट करते," भाभी हळूच म्हणाल्या. "मीपण बघितलं करून. नाय जमलं." आणि त्या ओट्याला टेकून रडू लागल्या.

सुनेत्रानं त्यांचा हात धरला. तेवढ्यात तिला दाराआड पुरुषाचे मोठे सेफ्टी शूज दिसले. शूज जुने, लेस मात्र कोरी. तिच्या डोक्यात वाक्य तयार झालं, अगदी स्वल्पविरामासकट.

ती हादरलीच. समोर ही बाई रडतेय आणि मी वाक्य जुळवतेय? तिनं हात सोडला आणि जे झालं ते भाभींना जसंच्या तसं सांगून टाकलं.

भाभींनी वळून शूजकडे बघितलं. मग ओढणीनं डोळे पुसत म्हणाल्या, "लेस मी ईदला बदलते. लिहायचं तर तेपण लिही. पण आधी मला वाचून दाखव. माझीच गोष्ट मला फॉरवर्ड होऊन यायला नको."

सोमवारी गाडीत भाभींनी पुन्हा फोन लावला. सुनेत्रानं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं, पण कान काही बंद करता येईनात. ती नवी कथा तिनं अजून लिहिलेली नाही. भाभीच अधूनमधून विचारतात, "कुठवर आली?"