कामठ्याच्या गिअरबॉक्समध्ये मी काय ऐकलं

या सदरात येणारे वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर फक्त खोडून काढण्यासाठी वाचत आले. हातात पेन घेऊन. कुठे वारा होता, कुठे ताप होता, कुठे सरळ थाप होती, ते समासात लिहायचे. आत्मा, अंगात येणं, यातलं काहीही मी कधी मानलं नाही... आणि खरं सांगते, आजही मानत नाही. तरी लिहिते आहे, कारण या प्रकरणात सगळ्यात वाईट वागले ती मी.

मी गोंदियाची. कॉलेजात असतानाच अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या गटात आले. जिभेवर कापूर जाळून दाखवायचा, नारळातून 'करणी' कशी काढतात ते शाळांमधून उघडं पाडायचं, पत्रकं वाटायची. पत्रकं मीच लिहायचे, कारण माझी भाषा झोंबते असं सगळे म्हणत. मला ते कौतुक वाटायचं.

गोष्ट २००८ ची, धानाची कापणी चालू होती तेव्हाची. कामठा हे माझ्या आईचं गाव, म्हणजे तिथला प्रत्येक पुरुष माझा मामा. दौलत मिस्त्रीही मामाच. रस्त्याला लागून त्यांचं टिनाचं शेड – ट्रॅक्टर, पाण्याची इंजिनं दुरुस्त करत. त्यांचे थोरले भाऊ लहानू कोळशाच्या खाणीत मोठमोठ्या मशीनचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधायचे, त्यांचं लांबवर नाव होतं. लहानू वारले तेव्हापासून लोक मामांच्या तोंडावर म्हणत – अक्कल लहानूची होती, दौलत नुसते नटबोल्टचे पाने उचलून देत होता.

तशात गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या सेठची जुनी विलायती गाडी त्यांच्याकडे आली. सेठच्या वडिलांच्या काळातली, लांबलचक, क्लच नसलेली, म्हणजे ऑटोमॅटिकच. गिअरबॉक्स बाहेर कुठेतरी पूर्ण खोलून नव्याने बांधून आणलेला, आणि तेव्हापासून आवाज. न्यूट्रलमध्ये चूप. गिअरमध्ये टाकली की पोटातून हूंऽऽ असं कण्हणं. मामांनी तेल बदललं, फिल्टर बदलला, पंप दोनदा उघडून पाहिला. आवाज तसाच. ही गाडी ठीक झाली असती तर 'पाने उचलणारा' हे बोलणं कायमचं संपलं असतं. त्यांना तेवढंच पाहिजे होतं.

आवाज शोधायची त्यांची पद्धत सगळ्या मिस्त्र्यांची असते तीच – लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक गिअरबॉक्सला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. एक दिवस असं ऐकता ऐकता ते कुणाजवळ तरी बोलून गेले, की आवाजात दादा, म्हणजे लहानू, बोलून राहिला. झालं... आठ दिवसांत बॉनेटवर फुलं, आरशाला लिंबू-मिरची. मामा ते उचलून फेकत, पण 'दादा बोलत नाही' असं काही म्हणत नसत.

मला राग आला तो याचा, की रोज बुद्धवंदना होणाऱ्या घरात, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसानं हे बोलावं! दुसरं कुणी असतं तर मी बसून समजावलं असतं. आपला माणूस म्हणून थेट पत्रक काढलं. 'गिअरबॉक्समधला आत्मा – एका मिस्त्रीचं ढोंग.' खाली जाहीर आव्हान: रविवारी सकाळी दहाला गावासमोर सिद्ध करा, नाहीतर लेखी माफी मागा. छापण्याआधी मामांना एकदा भेटून विचारावं, हे मनातसुद्धा आलं नाही.

रविवारी शेडसमोर सारं गाव. एक म्हातारा सेठच्या ड्रायव्हरला विचारत होता, "भुताले लायसन लागते का, भाऊ?" लोक हसत होते. मामांनी वाद घातला नाही. पेचकस पुसून माझ्या हातात दिला.

"माह्या कानाचं इंजिनानं भुस्कट झालं, पोरी. दादा बोलते एवढं समजते. काय बोलते ते नाई समजत. तुहे कान नवे हायेत. तू आयक, अन् मले सांग."

मागची चाकं जॅकवर उचललेली होती. मी गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरले, मूठ कानामागे धरली. ड्रायव्हरनं गाडी गिअरमध्ये टाकली. हूंऽऽ. अर्धा मिनिट तेच. मी हातानं खूण केली – बंद करा. इंजिन बंद झालं, चाकं थांबली. मी मूठ काढणार, तोच...

"मांगचा वायसर उलटा बसला हाये, दौलत. खाचा गिअरकडं पायजे."

एकदाच. पुरुषाचा आवाज, बिलकुल घाई नसलेला. वर कुणी बोलत नव्हतं, सगळे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. वायसर म्हणजे मला नटाखालची चकती माहीत. तिला खाचा असतात, सुलटी-उलटी बाजू असते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मामा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. "काय म्हणे?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "नुसती खरखर."

'मागचा वायसर बघा' एवढं मी माझा अंदाज म्हणूनही सांगू शकले असते. भुताचं नाव घ्यायची गरज नव्हती. नाही सांगितलं. वर आले, आमच्या गटातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी पत्रकाच्या पाठीवर, मी सांगितलं तसं लिहून सही केली – मी लोकांना फसवलं. ती सही आम्ही दुसऱ्या पत्रकावर छापली आणि बाजाराच्या दिवशी वाटली. मजकूर माझाच.

सेठनं गाडी उचलून नेली. मग ट्रॅक्टरही यायचे थांबले. पुढच्या कापणीला शेडला कुलूप होतं आणि मामा एका मिलमध्ये पोती वाहत होते. त्याच सुमारास सेठचा तो ड्रायव्हर मला गोंदियाच्या बसस्टँडवर भेटला. हसत म्हणाला, "मैडम, आपका भूत मिल गया. पीछे का एक वॉशर उल्टा लगा था, बस."

मी सगळं तपासून पाहिलंय. लोखंडातून आवाज लांबचा येतो, मान्य. मनात असतं ते कानाला ऐकू येतं, हेही मीच शिकवते. पण माझ्या मनात वायसर नव्हता.

मागच्या महिन्यात मामांच्या घरी गेले. अंगणात सायकल उलटी करून चेन पुसत होते. मी सगळं सांगितलं. आवाज, वायसर, माझं खोटं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तवाच समजलो होतो. तुहं तोंड पांढरं पडलं होतं."

तो आवाज कुणाचा, कुठून आला, मला सांगता येत नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही आणि मिळेल असं वाटतही नाही. मामांनी ते विचारलंच नाही. चेन पुसता पुसता, वर न बघताच बोलले.

"खाणीची धूळ होती दादाच्या छातीत. मरतानी लई खोकत होता, एक गोष्ट पुरी बोलता येत नोहोती. तुह्याशी बोलला तवा खोकला का?"

"नाही, मामा," मी म्हणाले. "एका दमात बोलले."