कालपासूनची ओळख

मागच्या महिन्यात माझ्या भाचीनं माझ्याच स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बँकेत खातं उघडलं. गॅसवर चहा ठेवला होता. फोननं तिला डोळे मिचकावायला सांगितले, तिनं मिचकावले. चहा उकळायच्या आत काम झालं.

"अगं, ओळख कोणी दिली?" मी विचारलं.

"कसली ओळख, मावशी?"

तिला काय सांगणार? शाळेत नोकरी लागली म्हणून मी तळेगावहून हिंगणघाटला आले, तेव्हा त्या गावात मी फक्त दोघांना ओळखत होते. एक माझ्या घरमालकीणबाई आणि दुसरे आमचे हेडमास्तर. मालकीणबाईंचा पैसा डाळीच्या डब्यात असायचा आणि हेडमास्तरांचं खातं होतं वर्ध्याला. त्यामुळे माझी केवढी पंचाईत होणार आहे, हे मला बँकेत जाईपर्यंत कळलं नाही.

काउंटरवरच्या बाबूंनी माझा अर्ज वरून खाली वाचला आणि एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं सही पाहिजे जी, ओळख देणाऱ्याची. आपल्याच शाखेचा खातेदार लागते."

"मी तर गावात नवीन आहे. शाळेत शिकवते."

"ते बरोबर आहे बाई. पण तुम्ही तुम्हीच आहा, हे सांगणारं कोणीतरी पाहिजे नं!"

मी बाकावर जाऊन बसले. आजूबाजूला पितळी टोकन मुठीत धरून माणसं आपल्या नंबराची वाट पाहत होती. मी एकेक चेहरा न्याहाळत होते. ओळखीचं कोणीच नाही. एवढ्यात दारातून एक धोतरवाले, जाडजूड गृहस्थ आत आले आणि मी पटकन तोंड फिरवलं.

ते कापडाचे दुकानदार होते. आदल्याच दिवशी त्यांच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांच्याकडून घेतलेल्या मरून साडीचा पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि माझे सगळे पांढरे कपडे गुलाबी झाले. मी ती ओली साडी तशीच बादलीत घेऊन दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर पिळून दाखवली. लाल पाणी थेट त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर सांडलं होतं.

बाबूंनी तिथूनच हाक मारली, "शेटजी, या बाईले ओळखता का तुम्ही?"

शेटजींनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "ओळखतो नं! चांगलंच ओळखतो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्यांनी सरळ खिशातून पेन काढलं आणि अर्ज पुढ्यात ओढला.

"किती दिवसांपासून ओळखता?" बाबूंनी विचारलं.

"कालपासून."

अख्खी बँक हसली. बाबू म्हणाले, "शेटजी, सहा महिने लिहा. असं चालत नाई."

"खोटं काऊन लिहू? अन् माणूस ओळखाले सहा महिने कशाले पाहिजेत? जे बाई आपल्या हक्कासाठी ओली साडी घेऊन भर दुकानात येते, ते दुसऱ्याचं बुडवीन का?"

गलका ऐकून मॅनेजरसाहेब केबिनबाहेर आले. त्यांनी आम्हा दोघांना आत बसवलं, चहा मागवला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. हसून हसून त्यांच्या बशीतला चहा हिंदकळला. अर्ज मंजूर झाला. बाहेर पडताना शेटजी म्हणाले, "ते साडी घेऊन येजा. बदलून देतो."

मी फार ओशाळले. "गादीचं काय झालं हो?"

"तिले आता दुसरी खोळ घातली. मरून!"

त्या दिवसापासून माझी जबाबदारी आपल्यावर आहे, असंच त्यांनी धरून घेतलं. बँकेत दिसले की लांबूनच विचारायचे, "खातं बरं चालून राह्यलं नं?" मला गावात कोणी नाही असं नंतर कधी वाटलंच नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. नवरदेव वर्ध्याजवळच्या नालवाडीचा, त्याची नोकरीही तिकडचीच. हळदीला शेटजी सहकुटुंब हजर. लग्नात ते आमच्या बाजूनं पहिल्या रांगेत बसले आणि माझ्या वडिलांच्या आधी त्यांनीच नवरदेवाला गाठलं.

"आमच्या बाईची ओळख मी देल्ली हाये. तुमची कोण देते?"

नवरदेव गांगरला. त्याच्या वडिलांनी घाईघाईनं हात वर केला, "मी देतो जी, मी देतो!"

"बापाचं काय घेऊन बसले! बाप तर चांगलंच सांगीन." शेटजी पंगतीत मुद्दाम नवरदेवाच्या शेजारी बसले आणि तो पुरे पुरे म्हणत असताना त्याच्या ताटात पाच जिलब्या वाढायला लावल्या. बिचाऱ्यानं त्या मुकाट्यानं संपवल्या. हात धुताना शेटजी मला हळूच म्हणाले, "पोरगा अन्नाले नाव ठेवत नाई. जा सुखानं."