फोटूसाठी पदर

"पदर खाली सोड," फोटूवाला म्हणाला. मला वाटलं, पदर नीट नाही म्हणून सांगतोय. मी तो डोक्यावरून आणखी पुढे ओढला. खुर्चीत बसलेले कापसाच्या जिनचे शेठ हसले. फोटूवाला हसला. दाराशी माझा नवरा उभा होता, तोही हसला.

जोडीचा फोटू काढायचा म्हणून त्यानं मला शेठच्या बंगल्यावर आणलं होतं. पाचोऱ्याच्या त्या जिनमध्ये तो कामाला. मी लग्नातलं लुगडं नेसले होते. हौस होती मला. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "शेठ सांगतस तसं कर. फोटूमा तोंड तं दिसाव नही."

तेव्हा कळलं. शेठ मुंबईहून उघड्यानागड्या विलायती बायांची चित्रं आणत. बघून कंटाळा आला की ती मुकादमाकडे, तिथून कामगारांच्या खिशात. माझ्या नवऱ्याच्याही. आधी तो चांगला होता असं नाही, पण माणूस होता. मग मी चुलीपुढे भाकरी थापत असले की तो चित्र माझ्या तोंडाशेजारी धरायचा. एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. तोंड वाकडं करायचा. चित्रातलं सगळं माझ्याकडून हवं. नाही म्हटलं की मार. सासू म्हणाली, पुरुषाची जात, सांभाळून घे. आता शेठला इथल्या बाईचं चित्र हवं होतं, आणि यानं मला आणून उभी केली होती.

मी त्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला लाथ घातली. काच फुटली. भर बाजारातून तो मला मारत घेऊन गेला. कोणी विचारलं नाही. बायको पिसाळली म्हणून माहेरी आणून टाकलं. आबा, माझे वडील, म्हणाले, बोलू नकोस, धाकट्या बहिणी आहेत. मी आखाजीपर्यंत तोंड दाबून बसले.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या बाया गौराई बोळवायला नदीवर जातात. गिरणेच्या अल्याड माझं माहेर, पल्याड सासर. दोन्ही काठांवरून बाया एकमेकींना शिव्या देतात. रीतच आहे. त्या दिवशीची शिवी कोणी मनावर घ्यायची नाही. पुरुष झाडाखाली बसून ऐकतात, हसतात. पल्याड माझा नवराही बसला होता.

मी शिवी दिली नाही. नवऱ्याचं नाव घेतलं. बाईनं जे कधी घ्यायचं नाही ते बापासकट घेतलं, मोठ्यानं. मग शेठचं घेतलं. आणि ओरडले, "मना नवरा माले शेठले दाखाडाले लई गयथा, उघडा फोटू काढाले."

हसणं थांबलं. मग पल्याडच्या बायांतून मुकादमाची बायको पुढे आली. नदीकडे बघत म्हणाली, "मना घरमा बी शेतस ती चित्रं." तिच्यामागून आणखी एक बोलली. मग आणखी एक. झाडाखालचे पुरुष एकेक करून उठले. माझा नवरा मान खाली घालून निघाला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पुढे तो चार माणसं घेऊन न्यायला आला. म्हणाला, रीतीची शिवी होती, मी विसरलो. मी सांगितलं, ती रीत नव्हती. शेठच्या दारात, दिवसाढवळ्या, ती चित्रं स्वतःच्या हातानं जाळ. कशासाठी जाळतोस ते ओरडून सांग. मग यायचं की नाही ते मी ठरवीन.

"माले लाज वाटस," तो म्हणाला.

"माले वाटनी तितली तुले अजून वाटनी नही."

तो गेला. मी गेले नाही. दर आखाजीला मी काठावर उभी राहते आणि दोघांची नावं घेते. आता म्हातारी झालीस, पुरे कर, असं गाव सांगतं. नाही करणार. ते जिवंत आहेत तोवर त्यांच्या तोंडावर घेईन. मेले की त्यांच्या पोरांसमोर घेईन.