पपईवर उगारलेला कोयता

हेरंब मास्तर म्हणजे आमच्या गिरगावच्या वाडीचं भूषण! मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायचे. शेजारच्या वर्गात मी शिवण शिकवायचे, म्हणून सगळं कानावर यायचं. जास्वंद हातात धरून पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर असं झकास सांगायचे. पण परागकण स्त्रीकेसरावर पडले की गाडी अडलीच! कान लाल व्हायचे. मग फळ्याकडे तोंड फिरवून म्हणायचे, "पुढचं घरी वाचा." आणि हेच गृहस्थ 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं ओरडायचे, की चर्नी रोडपर्यंत ऐकू जावं.

त्यांची बायको दमयंती. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. झालं! सोळा सोमवार झाले, पिंपळाला फेऱ्या झाल्या, सगळं तिच्याच वाट्याला. डॉक्टर म्हणाले, दोघांना तपासायला हवं. मास्तर ताडकन उठले. "मला काय धाड भरलीय?" वनस्पतिशास्त्राचे मास्तर हो! शेवटी त्यांच्या आईनं, कमळाबाईंनी, निकाल दिला: गणपती झाले की दमयंतीला कायमची माहेरी, राजापूरला पोचवायची. मास्तर आपले मोर्चाला चालते झाले. दमयंतीची ट्रंकसुद्धा भरून झाली. मला असा संताप यायचा त्या माणसाचा!

वाडीत नळाजवळ एक पपई होती. लांब देठांवर पांढऱ्या फुलांचे घोस, पण फळ एक धरेल तर शपथ. आमच्या कोकणात अशा झाडाला धाक घालतात. एकीनं कोयता उगारून 'तोडते' म्हणायचं, दुसरीनं 'राहू दे, पुढल्या वर्षी धरेल' म्हणून विनवायचं. त्या रविवारी कोयता कमळाबाईंनी घेतला. आणि विनवायला उभी कोणाला केली? दमयंतीला! काय पण निवड!

"वांझोटी मेली! तोडतेच आता!" बोलत होत्या झाडाशी, बघत होत्या सुनेकडे.

तेवढ्यात मास्तर मोर्चाहून आले. घसा बसलेला, पण अडाणीपणा बघून राहवेना.

"अगं आई, हे नराचं झाड! पपईत नर वेगळा, मादी वेगळी. या फुलांत नुसते पुंकेसर, बीजांडकोशच नाही, तर फळ धरणार कशात? याचे पराग मादीच्या फुलावर पोचले, तर तिथं फळ धरतं. नाही पोचले, नाहीतर परागांतच दम नसला, तर ती मादी काय करणार? तिला उगाच बोल का लावायचा?"

बायका हंडे खाली ठेवून ऐकत होत्या. जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी धडा शेवटपर्यंत शिकवला, तोही नळावर!

दमयंतीनं पदर खोचला. "अहो, मग उद्या डॉक्टरांकडे दोघं जाऊ या? का मी ट्रंक खाली आणू?"

मास्तरांचे कान लाल झाले. सवयीनं त्यांनी तोंड फिरवलं, पण तिथं फळा नव्हता. आम्ही सगळ्या उभ्या होतो. कमळाबाईंचा कोयता अजून वरच होता.

"जाऊ," मास्तर पुटपुटले.

"जरा मोठ्यानं सांगा," दमयंती म्हणाली. "सासूबाईंना ऐकू आलं नाही."