विमानाच्या नाकावरचे ठसे

कुर्बान सुताराला राग लवकर येत नसे, आणि आला की लवकर जातही नसे. सुर्जीहून अंजनगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं टिनाच्या छपराचं दुकान होतं. वखरं, खाटांचे पाय, दारांच्या चौकटी असलं सगळं तो करायचा, पण आसपासच्या गावांत त्याला ओळखायचे ते ठशांवरून. पोळ्याला बैल धुऊन, शिंगं रंगवून झाली की त्यांच्या अंगावर गेरूचे ठसे मारतात, आणि त्या गावांत प्रत्येक घराचा ठसा वेगळा. कुणाचा मोर, कुणाचं कासव, कुणाचं बेलपान. दुसऱ्याचा ठसा आपल्या बैलावर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या बापाचं नाव लावणं. हे ठसे शिवणीच्या झाडाच्या लाकडात कुर्बान कोरायचा, त्याच्या आधी त्याचे अब्बा कोरायचे. ठसा झिजला की शेतकरी तो घेऊन यायचा, नवा घेऊन जायचा, आणि झिजलेला कुर्बानच्या भिंतीवर खिळ्याला लटकून राहायचा. त्या भिंतीवर साऱ्या मुलखातले बैल होते म्हणा ना.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. पेपरात रोज वऱ्हाडाचं नाव यायचं, आणि चांगल्या कारणानं यायचं नाही. त्यातल्याच एका वर्षी अंजनगावात उत्तमरावांच्या कृषी केंद्रानं ‘रणवीर’ नावाचं सरकीचं बियाणं विकलं. पाकिटावर लढाऊ विमान, खाली बोंडअळ्या पटापट मरून पडलेल्या. लोकांनी रांगा लावल्या. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली, हिरवीगार, बघतच राहावं अशी, आणि बोंड काही धरलं नाही. जे धरलं ते अळीनं खाल्लं. कुर्बानचंही थोडं वावर होतं, तेही त्यातच गेलं.

कुर्बान रिकामं पाकीट घेऊन उत्तमरावांकडे गेला. दुकान भरलेलं होतं. उत्तमराव गल्ल्यावरून उठलेही नाहीत. म्हणाले, “मियाँ, लाकूड तासणाऱ्यानं लाकूडच तासावं. वावर म्हणजे काय पाट हाये का, रंधा मारला का साफ?”

दुकान हसलं. त्यात नत्थुजी होते, ज्यांच्या वावरात कुर्बानपेक्षा वाईट गत होती. तेही हसले, कारण पुढच्या पेरणीला बियाणं इथूनच न्यायचं होतं आणि शेठच्या विनोदाला न हसणं परवडणारं नव्हतं. कुर्बान बाहेर येऊन ओरडून सांगत होता, “अरे, हे बेनं फसवं हाये, पुढच्या साली घेऊ नोका!” त्यावर आणखी एकदा हसणं झालं. उत्तमरावांचा शब्द त्यानं एक वेळ गिळला असता. ते हसणं मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

“जाऊ द्या ना,” त्याची बायको अनवरी म्हणायची.

“जाऊ देतो,” तो म्हणायचा, आणि भाकरीचा तुकडा असा मोडायचा की अनवरीला कळायचं, काही जात नाही याच्या मनातून.

उन्हाळ्यात उत्तमरावांचा निरोप आला. अकोल्याच्या कंपनीनं रणवीरचा नवा माल पाठवला होता. नवा म्हणजे पाकीट नवं. मृगाच्या आधी दुकानापुढे पाकिटावरच्यासारखं विमान टांगायचं उत्तमरावांच्या मनात होतं, आणि असलं काम करणारा हात आसपास एकच होता. मागचं बोलणं ते विसरून गेले होते. अपमान करणाऱ्याला विसरायला वेळ लागत नाही.

“होईन का तुयाच्यानं?” त्यांनी विचारलं.

“होईन, शेठ,” कुर्बान म्हणाला. अनवरीला वाटलं, हा माणूस बिघडला. ज्यानं तोंडात मारली त्याच्याच दारावर तोरण बांधणार!

उत्तमरावांचा मुलगा पियुष अमरावतीला शिकत होता. तो विमानांचं एक जाड पुस्तक घेऊन आला. पोरगा चांगला होता, बापासारखा नव्हता. पाकिटावरचं विमान हरिकेन होतं, दुसऱ्या महायुद्धातलं, आपली माणसं ब्रह्मदेशाच्या लढाईत तेच उडवायची, असं त्यानं सांगितलं. खरं विमान बत्तीस फूट लांब, पंख चाळीस फुटी. कुर्बाननं आठास एक असं माप धरलं आणि जमिनीवर खडूनं चार फुटांचं धड अन् पाच फुटांचे पंख आखले.

मग तो त्या कामात बुडाला. धारणीकडून आणलेला शिवणीचा ओंडका त्यानं वाकसानं तासला, नाकाकडे भरीव ठेवला, मागे पोकळ केला. खऱ्या विमानाच्या मागच्या भागाला लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं असायचं, हे पियुषनं सांगताच त्यानंही बांबूच्या पातळ पट्ट्या लावल्या, वर मांजरपाट ताणलं आणि सरस चोपडला. वाळल्यावर पट्ट्या कापडाखालून अगदी पुस्तकातल्यासारख्या दिसायला लागल्या. पंखांच्या फटींत लांबी भरली, पॉलिशपेपरनं घासलं, पुन्हा भरली. तीन पात्यांचा पंखा नाकावर असा बसवला की फुंकर मारली तरी फिरावा. एखाद्या वेळी तो आपण हे कुणासाठी करतोय हेच विसरायचा. आठवण झाली की दात आवळून दुप्पट जोरानं घासायचा.

रंगाला बसला तेव्हा पियुष पुन्हा आला. वरून हिरवा आणि मातकट असे वेडेवाकडे पट्टे, आकाशातून पाहिलं तर वावरात मिसळून जावं म्हणून. पंखांवर निळ्यात फिकट निळी गोल खूण. “लाल नाही द्यायचा, चाचा. जपान्यांची खूण लाल होती. लाल दिसला की आपलेच लोक आपलं विमान पाडायचे.” मग सहज बोलल्यासारखं पोरगा म्हणाला, “आणि इथं नाकाजवळ पायलट खुणा रंगवायचे. जितकी विमानं पाडली तितक्या खुणा. ज्याची पाडली त्याचं निशाण काढायचे.”

कुर्बानचा ब्रश थांबला.

“ज्याची पाडली त्याचंच?”

“हो. म्हणजे पाहणाऱ्याला कळावं, यानं किती आणि कोणाला लोळवलं.”

पियुष गेल्यावर कुर्बान कितीतरी वेळ भिंतीकडे पाहत बसला. मग तो हसला. घरात रणवीरची सरकी आल्यापासून अनवरीनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं, आणि हे हसणं पाहून तिला बरं काही वाटलं नाही.

“काय करून राहिले तुमी?”

“रणवीरनं ज्याईले ज्याईले लोळवलं, त्याईचे ठसे मारतो नाकावर.”

“या खुदा! सरळ सांगून द्या ना लोकायले, बेनं खराब हाये म्हणून.”

“सांगतलं होतं. हासले.”

“अन् शेठ ओळखन त्याचं काय?”

“थो नाई ओळखत.” कुर्बानला खात्री होती. उत्तमराव मूळचे शेलगावचे, कास्तकाराचेच. पण लहानपणीच मामाकडे अकोल्याला शिकायला गेले ते गेलेच. वावर थोरला भाऊ देवराव करायचा. पोळ्याला बैलाचा कासरा उत्तमरावांनी कधी हातात धरला नव्हता. ठसा त्यांच्या लेखी नक्षी होती, साडीच्या काठावर असते तशी.

उत्तमराव काम बघायला आले तेव्हा म्हणाले, नाकावर मेलेल्या अळ्या काढ. कुर्बान अदबीनं म्हणाला, “शेठ, अळीची लोकायले किळस येते. त्यापरीस शकुनाचे ठसे मारतो. दिसाले चांगले दिसतीन.”

“मार, मार! दाट मार.”

कुर्बाननं दाट मारले. भिंतीवरचे झिजलेले ठसे एकेक करून उतरवले, गेरूत बुडवले आणि मागच्या साली ज्याच्या ज्याच्या वावरात रणवीर पेरलं गेलं होतं त्याचा त्याचा ठसा नाकावर उमटवला. नत्थुजींचं कासव मारताना त्याला दुकानातलं ते हसणं ऐकू आलं, आणि त्यानं ते कासव जरा जास्तच दाबून मारलं. स्वतःच्या घरी बैल नव्हता म्हणून ठसाही नव्हता, नाही तर तोही मारला असता.

मृगाच्या तोंडावर विमान दुकानापुढे चढलं. अकोल्याहून कंपनीचा माणूस आला, नारळ फुटला. वाऱ्यानं पंखा गरगर फिरायला लागला आणि गर्दीतून “वा!” असा आवाज निघाला. काम होतंच तसं. आतमध्ये रणवीरची खोकी छपरापर्यंत रचलेली होती, आणि पावसाचा नेम नव्हता. दोन-तीन दिवसांत सगळी गावं बियाणं उचलणार होती. कुर्बान समोरच्या पानठेल्याच्या बाकावर बसून बघत होता. लोकांना दिसलं नाही तर? दिसूनही समजलं नाही तर? वाट्टोळं व्हायला निघालेल्या वावरांची त्याला काळजी होती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्याला उत्तमरावांना भर बाजारात तोंडावर पडलेलं पाहायचं होतं.

उत्तमरावांनीच त्याचं काम सोपं केलं. हातात वेताची छडी घेऊन ते स्टुलावर चढले आणि पोरानं सांगितलेली माहिती आपली म्हणून सांगायला लागले.

“लढाईतलं खरं विमान असंच होतं! आन् या नाकावरच्या खुणा काहून हायेत, माहीत हाये? ज्याले ज्याले या विमानानं लोळवलं, त्याची त्याची खूण हे! हे पाहा, हे पाहा, हे पाहा! एक बी पुन्हा उठला नाई!”

छडी ठशांवरून टकटक फिरत होती. पुढे उभे असलेले नत्थुजी मान वर करून हसत होते. छडी कासवावर आली आणि त्यांचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी बाजूच्याला कोपर मारलं. बाजूच्याचा मोर होता. त्यानं मोर शोधला. मग लोक पुढे सरकायला लागले, पाय उंच करून आपापलं घर शोधायला लागले, आणि ज्याला सापडलं तो गप्प होऊन मागे झाला. उत्तमरावांना वाटलं, लोक भारावले.

“आन् हा तं सगळ्यात पहिला!” पंख्याखालच्या ठशावर छडी आपटून ते म्हणाले. “याले तं रणवीरनं असा झोपवला, का विचारू नोका!”

समोर त्यांचा भाऊ देवराव उभा होता. त्यानं भावाकडे पाहिलं, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि रिकामी थैली घेऊन निघून गेला. त्याच्यामागे नत्थुजी. मग ओळीनं सगळे. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. त्या दिवशी रणवीरचं एकही पाकीट गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. लोक जीपमध्ये बसून अकोटला गेले आणि तिथून दुसरं बियाणं घेऊन आले. पाऊस पडला, पेरण्या झाल्या, आणि उत्तमरावांची खोकी छपराला टेकलेली तशीच राहिली.

नत्थुजी एकदा कुर्बानच्या दुकानापुढे थांबले. “कुर्बानभाई, आमी हासलो नसतो तं...”

“हासले ना पण,” कुर्बान म्हणाला आणि रंधा चालवत राहिला. माफ करायचं त्याच्या मनात नव्हतं.

अखेर कुणीतरी उत्तमरावांना फोड करून सांगितलं. भर दुपारी ते विमान हातगाडीवर घालून आले, चेहरा गेरूसारखा लाल.

“हरामखोरा! धंदा बुडवला माया! तुयं काय घोडं मारलं होतं मी?”

“तुमीच तं म्हणे, लाकूड तासणाऱ्यानं लाकूडच तासावं. तासलं.”

“आत्ताच्या आत्ता घास हे सारं! माह्यासमोर घास!”

कुर्बाननं विमान पाटावर घेतलं, पॉलिशपेपर घेतला आणि घासायला लागला. मोर गेला, कासव गेलं, बेलपान गेलं. लाल भुकटी त्याच्या मांडीवर पडत होती, आणि उत्तमराव दात-ओठ खात उभे होते. पंख्याखालचा शेवटचा ठसा राहिला तेव्हा कुर्बानचा हात थांबला. नंदीच्या पाठीवर चंद्रकोर, असा तो ठसा होता.

“थांबला काहून? थो बी घास!”

“हा मी नाई घासत, शेठ. माया अब्बाच्या हातचा हाये.”

“कोणाचा हाये थो?”

“शेलगावच्या सोनाजी पाटलाचा,” कुर्बान म्हणाला. “तुमच्या बापाचा.”

उत्तमराव वाकले. ठसा जवळून पाहिला, बोटानं चाचपला, पण ओळखीचं काही सापडेना. मग त्यांना देवराव आठवला, त्याची रिकामी थैली आठवली, आणि त्यानंतर तो एकदाही घरी आला नव्हता हे आठवलं.

“दादानं बी रणवीरच पेरलं होतं?” त्यांनी विचारलं.

“भावाचं दुकान सोडून कुठं जाईन थो? त्याचं तं सगळ्यात पयले गेलं.”

कुर्बाननं लाल झालेला पॉलिशपेपर त्यांच्या हातात दिला आणि स्वतः उठून बाजूला झाला.

“घ्या,” तो म्हणाला. “हा तुमीच घासा.”