बोहनीआधीची रजा

उद्या तिसऱ्या वर्षाचा पहिला पेपर आणि मी अजून रजा मागितली नव्हती.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानात मी काउंटरवर असते. सकाळी बोहनी, म्हणजे दिवसातली पहिली विक्री, झाल्याशिवाय आमच्या सिंधी शेठजींकडे काही मागायचं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि लग्नसराईत एकदा बोहनी झाली की गर्दी सुरू, मग तोंड उघडायला सवड नसते. असं करत आठवडा गेला होता.

घरी विचारावं तर आमच्याकडे कॉलेजात गेलेली मीच पहिली. मोरिवलीत आमच्या घरामागेच एक कंपनी आहे, बाबा तिथे कामगार आहेत. "रजा? ताप आलाय का तुला?" ते म्हणाले. त्यांच्या हिशेबी रजा दोनच कारणांसाठी, ताप किंवा मयत.

त्या दिवशी नेमकी बोहनीच होईना. बायका यायच्या, रंग बघायच्या, जायच्या. शेठजी गल्ल्यावरून दाराकडे बघत होते. मी मनातल्या मनात पेपरची उत्तरं घोकत होते, पण दुसरा मुद्दा आठवला की पहिला जायचा.

शेवटी एक मावशी ब्लाउजचं अस्तर घ्यायला आल्या. मी तागा उलगडला, मोजायला लागले, आकडा विसरले. परत मोजलं, परत विसरले. कापड काउंटरवरून खाली लोंबायला लागलं.

"अगं पोरी, अस्तर दे. मला मांडव नाही घालायचा!"

सगळे हसले. शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी माझ्या हातातून तागा काढून घेतला आणि अस्तर कापून दिलं. बोहनी झाली. शेठजींनी नोट कपाळाला लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"क्या हुआ बेटा, तबियत ठीक नाही?"

"शेठजी, उद्यापासून माझे पेपर आहेत. सकाळचे."

"कल से? और आज बता रही है?"

"बोहनी झाली नव्हती ना."

ते बघतच राहिले. "अरे, इतने दिन बोहनी नहीं हुई क्या? जा पेपरला. पेपर झाला की सीधा इधर."

मी मान डोलावली. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ताई तागा गुंडाळत होत्या. हळूच म्हणाल्या, "पेपर देऊन इथे, इथून घरी. मग वाचणार कधी? झोपणार कधी?"

मी फक्त पेपरपुरतीच सुट्टी मागितली होती. वाचायला, झोपायला वेळ लागतो, तोही मागता येतो, हे मला सुचलंच नव्हतं. एकदा हो म्हणालेल्या माणसाकडे परत जायचं? जे मिळालंय तेही गेलं तर?

दारात दोन बायका चपला काढत होत्या. आता गर्दी होणार. मी हातातली मीटरपट्टी खाली ठेवली आणि गल्ल्याकडे गेले.

"शेठजी, अजून एक विचारायचं होतं."