पोटाची गिटार आणि बिनपोटाची गिटार

चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "वसंतराव, तो गिटारीचा किस्सा सांगा ना!" आता कुठला सांगू? आमच्या पार्टीत गाणी बसली त्याच्या दुप्पट किस्से बसले. गाणी तर आम्ही तेव्हाच विसरत होतो, ऐन कार्यक्रमात! किस्से मात्र साले मुक्काम ठोकून राहिले.

पार्टी म्हणजे तिघंच. डहाणूच्या मामलेदार कचेरीत कारकून असलेला मी, गिटारवाला. सोहराब इराणी, चिकूच्या वाडीचा मालक, अकॉर्डियनवाला. आणि काशिनाथ तांडेल. तो आठवड्यातले निम्मे दिवस बोटीवर समुद्रात आणि उरलेले निम्मे आमच्या ड्रमवर. पार्टीचं नाव अजून ठरायचं होतं. ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा माझं एकच दुखणं होतं. लग्न ठरत नव्हतं. नोकरी सरकारी, दिसायला मी बरा, वेवजी गावात घरची भातशेती. सगळं जुळत यायचं आणि कोणीतरी म्हणायचं, "मुलगा ती विजेवरची गिटार वाजवतो म्हणे." की मुलीकडचे चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे!

शेवटी आई म्हणाली, "एक तर ते सोड, नाय तर असं वाजव की ऐकून कोणीतरी मुलगी देईल. आणि तोवर ते घरात ठेवायचं नाय."

मी सोडणार नव्हतो. मग असं वाजवायचं तर आधी गिटार कुठल्या तऱ्हेची, हे ठरायला हवं ना!

* * *

सोहराबचा मामेभाऊ मुंबईला हॉटेलात बँडमध्ये होता. त्याने नवी गिटार घेतली की जुनी आमच्या गळ्यात पडायची. तोवर मी त्याचीच एक मोडकी गिटार वाजवत होतो; आईच्या हुकमानंतर पहिली आली ती हवाईयन. ही मांडीवर आडवी घ्यायची आणि डाव्या हातात लोखंडाची कांडी धरून तारांवरून सरकवायची. मी म्हटलं, हीच आपली! बसून वाजवायचं, बोटं दुखायची नाहीत, आणि सूर असा गोड की ऐकणाऱ्याने उसासा टाकावा.

तिच्यावरची पहिली तालीम काशिनाथच्या अंगणात, बंदराजवळ. मी डोळे मिटून कांडी सरकवतोय. इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोळे उघडले तर समोर बाजारातून परतलेल्या कोळणींची रांग. डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवून सगळ्या माझ्या हाताकडे बघतायत. मला वाटलं, जिंकलं!

काशिनाथची आई पुढे आली. पाटीतून एक रावस काढला आणि माझ्या मांडीशेजारी ठेवला.

"याचे पण खवले काढ रे पोरा. हात चांगला बसलाय तुझा!"

त्यानंतर मी ती गिटार मांडीवर घेतली की मला स्वतःलाच मासळीचा वास यायला लागला. हवाईयन परत गेली.

* * *

दुसरी आली ती पोटाची. आत पोकळ, वर दोन भोकं. सोहराबने तिच्या पोटावर टिचकी मारून व्याख्यान दिलं. "साला, याला बोलतात टोन! पोट पाहिजे, पोट! माणूस असो का गिटार, पोट नसेल तर आवाजात वजन येत नाय." त्याचं स्वतःचं पोट पाहता हा निकाल पक्षपाती होता, पण मला पटला.

प्रश्न ठेवायचा कुठे? आईचा हुकूम तुम्हाला माहीतच आहे. पावसाळा तोंडावर. काशिनाथ म्हणाला, "माझ्या घरी ठेव. आयेला सांगतो, ओल लागायला नको."

आता कोळ्याच्या घरात पावसाळ्यात ओल न लागणारी जागा एकच! चुलीवरची. जिथे वर्षाची सुकी मासळी ठेवतात ती. काशिनाथच्या आईने माझी गिटार एखाद्या लेकरासारखी जपली. आढ्याला टांगली, बोंबलाच्या माळांच्या मधोमध, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून भोकांत सुक्या गवताचे बोळे घातले. रोज खालून धूर. ओल कसली लागते!

दिवाळीनंतर उतरवली. लाकूड खडखडीत, रंग सुंदर तपकिरी. बोळे काढले आणि सूर लावला तर काय टोन! सोहराबच्या डोळ्यांत पाणी आलं. ते टोनमुळे नव्हतं, हे मला पुढे कळलं. वास त्याच्या डोळ्यांना झोंबला होता, पण आम्हा तिघांची नाकं बंदराला सरावलेली.

तिचा पहिला कार्यक्रम बोर्डीला, एका गुजराती शेठच्या घरी लग्नात. घर कडक शाकाहारी, कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. मी वाजवायला लागलो. दुसऱ्या गाण्याला स्टेजवर एक मांजर आलं. तिसऱ्याला आणखी दोन. ती माझ्या पायांशी बसून वर बघायला लागली, डोळ्यांत नुसती भक्ती! पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

शेठ उठून जवळ आले. खूप सभ्य माणूस. हळूच सोहराबला विचारलं, "भाई, आ वास शेनो छे?"

सोहराब मख्ख चेहऱ्याने म्हणाला, "शेठ, फॉरेनचं लाकूड छे. एमां एवोज वास आवे."

शेठ वाकले. भोकाला नाक लावलं. सरळ झाले.

"तो फॉरेनमां पण बूमला मळे छे?"

बूमला म्हणजे आपला बोंबील. शेठना तो वासावरून कसा ओळखता आला, हे विचारायची हिंमत त्या मांडवात कोणाचीच झाली नाही.

* * *

वास काही महिन्यांत उतरला. पण पोटाच्या गिटारीचा दुसरा गुण तेव्हा कुठे कळायचा होता.

डहाणूत गणपतीत आमचा कार्यक्रम. कैनाड गावचे एक गृहस्थ भाजी घेऊन बाजारात आले होते. त्यांची मुलगी लग्नाची. ते बैलगाडीसकट मांडवाच्या कडेला थांबले, जावई म्हणून मी कसा वाटतो ते बघायला. आईने मला निरोप धाडला, "नीट वाजव. बाकी काय करू नको."

मी नीटच वाजवणार होतो. पण भाड्याचा भोंगा माझ्या अगदी मागे बांधलेला. पोटाची गिटार भोंग्याजवळ नेली की भोंग्याचा आवाज पोटात शिरतो, पोटातला परत भोंग्यात, आणि दोघं मिळून जे ओरडतात त्याला नाव नाही. मी पहिली तार छेडली आणि ते ओरडणं सुरू झालं. मी घाबरून मागे सरकलो. म्हणजे भोंग्याच्या आणखी जवळ!

गावातली कुत्री गळा काढून सामील झाली. बैलांनी एकदा माना वळवून माझ्याकडे बघितलं आणि ते सरळ घराकडे निघाले. गाडी घेऊन. मालकाला सोडून!

तो गृहस्थ धोतर सावरत मागे पळताना मला दिसत होता. मी मनापासून वाजवत होतो. वाटलं, चार पावलांवर बैल थांबतील. बैल कैनाडला जाऊन थांबले.

त्या घरून काही निरोप आला नाही. आई मात्र म्हणाली, "बैलांना कळलं लवकर."

* * *

तेव्हा ठरलं, आता बिनपोटाची. सॉलिड! सरळ लाकडाची फळी, ना भोक, ना पोकळी. ओरडणार नाही, मांजरं येणार नाहीत.

ती आली तेव्हा काशिनाथने उचलून बघितली आणि म्हणाला, "ही बोटीवर पायजे. वल्हं मोडलं तर कामाला येल."

तारा तिच्या लाकडापासून इतक्या उंच, की दाबताना बोटांची कातडी निघायची. काशिनाथने सहज दाबल्या, एकही तार कुरकुरली नाही. त्याचे हात दोर ओढून ओढून राठ झालेले. मी दिवसभर टाक चालवणारा. आठवड्यात माझ्या चार बोटांना चिंध्या बांधलेल्या.

मामलेदारसाहेबांनी विचारलं, "हाताला काय झालं?"

मी छाती काढून म्हटलं, "रॉक अँड रोल, साहेब!"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे काम तुम्हाला कोणी दिलं?"

* * *

सॉलिडची एक अट होती. तिचा आवाज विजेशिवाय निघत नाही. नुसती छेडली तर डास गुणगुणावा तेवढाच. अँप्लिफायर आमच्याकडे कुठला! पण सोहराबच्या घरी मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या पाठीला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असायची, तिथे गिटारीची वायर खुपसायची. पुढचं बटण ग्रामोफोनकडे फिरवलं की रेडिओतून गिटार! आवाज असा स्वच्छ, की मी स्वतःच स्वतःला दाद दिली.

सोहराबच्या वाडीत नवरोजची पार्टी. आईने इथेही एका मुलीच्या मामांना आणून बसवलेलं. खटपट करण्यात माझी माऊली कोणाला हार जायची नाही. मी रंगात आलो. रंगात आलो की पाय आपटायची मला सवय. पाय आपटला, रेडिओचं टेबल हललं, आणि ते बटण खट्‌ करून रेडिओकडे सरकलं!

एकदम शहनाई सुरू झाली. भरदार, सुरेल, वरच्या पट्टीतली. मी काय करणार? बोटं हलवत राहिलो. पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. मुलीचे मामा शेजाऱ्याला म्हणाले, "बघा हो, एका गिटारीतून शहनाईसुद्धा काढतो!" उभ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक झालं नव्हतं. मी मान डोलावली, डोळे मिटले, एक लांब तान घेतली.

शहनाई थांबली. भारदस्त आवाजात एक गृहस्थ बोलायला लागले, "आता ऐका बाजारभाव. शेंगदाणा..."

माझी बोटं अजून हलत होती. मामांनी कप खाली ठेवला. अर्धा!

मागून काशिनाथ ओरडला, "वसंता, थांबू नको! गुळाचा भाव रायलाय!"

* * *

यानंतर आईने एकच स्थळ आणलं आणि सांगितलं, हे शेवटचं. तळासरीच्या पुढचं उधवा गाव. घर शेतकऱ्याचं, भात-नाचणी पिकवणारं. मुलगी जानकी, सातवी शिकलेली. इथं नाही जमलं तर गिटार विहिरीत. विहीरसुद्धा तिने मनात नक्की केली होती.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कारण या वेळी मला मुलगी आधीच आवडलेली होती. तळासरीच्या बाजारात एकदा दिसली होती, कोणा दुकानदाराशी घासाघीस करताना. तो दुकानदार हरला होता. आईला हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला हात बांधून नेलं असतं.

मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवलेला, "मुलाला गिटार घेऊन यायला सांगा. ऐकल्याशिवाय हो-नाय काय ते सांगणार नाय." म्हणून सोहराबच्या जीपमध्ये आम्ही सगळे. पुढे सोहराब आणि आई, मागे मी, काशिनाथ, सॉलिड गिटार आणि मांडीवर तो रेडिओ. बटणाला या वेळी काशिनाथने जाळ्याचा दोरा गुंडाळून पक्की गाठ मारली होती. कोळ्याची गाठ! आता बाजारभाव येणार नव्हते.

ओटीवर सगळं घर जमलेलं. काका, माम्या, शेजारी. चहा आला, उकडलेल्या शेंगा आल्या. जानकी चहा देऊन दाराशी उभी राहिली. वडील म्हणाले, "हां, वाजवा आता."

मी रेडिओ ओटीवर ठेवला. गिटारीची वायर लावली. रेडिओची वायर हातात घेतली आणि भिंतीकडे बघितलं. मग दुसऱ्या भिंतीकडे. मग आढ्याकडे.

"प्लग कुठे?" मी विचारलं.

"ते काय?" वडील म्हणाले.

"वीज... वीज कुठे घेतलीय घरात?"

"वीज अजून तळासरीच्या पुढं नाय आली. येणार म्हणतात."

कचेरीत बसून अख्ख्या तालुक्याचे कागद हलवणारा मी! विजेचा प्रश्न ना माझ्या डोक्यात आला, ना सोहराबच्या, ना काशिनाथच्या. काशिनाथने माझ्याकडे बघितलं आणि हळूच बटणाची गाठ सोडायला लागला. का, ते त्यालाच ठाऊक. आईने डोळे मिटले. ती बहुतेक विहीर आठवत होती.

"वाजवा ना," वडील म्हणाले. त्यांना वाटलं मी लाजतोय.

मी वाजवलं. दुसरं काय करणार! चिंध्या सोडलेल्या बोटांनी, जे येत होतं ते सगळं वाजवलं. नीट, मन लावून, एकही सूर न चुकवता. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. ओटीवर शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. माझा नाही.

एक काका म्हणाले, "सुरू कधी करणार?"

माम्या पदरात हसायला लागल्या. माझे कान तापले. मी मान खाली घालून वाजवत राहिलो, कारण थांबलो असतो तर वर बघावं लागलं असतं.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली जानकी चालत आली. सगळ्यांच्या समोर, सरळ. माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. डोक्यावरचा पदर जरा मागे घेतला आणि गिटारीच्या लाकडाला कान लावला.

ओटीवर शेंगा सोलायच्या थांबल्या. माझी बोटं थांबणार होती, ती म्हणाली, "थांबू नका."

मी वाजवत राहिलो. पूर्ण गाणं. तिने कान काढला नाही.

वडिलांना राहवलं नाही. "काय गं, वाजतंय का काय?"

"वाजतंय."

"मला तर काय ऐकू येत नाय!"

जानकीने कान तसाच ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला कशाला ऐकू यायला पायजे?"